पाहुणे टपालाने येत नाहीत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली दोन अंगं, म्हणजे माझे दोन्ही गुडघे, हल्ली संपावर आहेत. उरलेल्या सहा अंगांनी घातलेला नमस्कार पूर्ण धरून घे.) इकडे सर्व ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? नात जेवताना अजून घरभर फिरते का, आणि तिच्यामागे घास घेऊन तूच फिरतेस का? तसं असेल तर कंबरेचं वेगळं काही विचारायला नको. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तिकडे पाचव्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिलं की माणसं डब्यातल्या बटणांएवढी दिसतात. वाचून मला उगाचच वाईट वाटलं. इथे आपल्या पायरीवर बसलं की माणसं अजून माणसांएवढीच दिसतात, काही तर नको इतकी मोठी दिसतात. असो.

आता मुद्द्याचं. (मुद्द्यावर यायला मला किती वेळ लागतो ते तुला नव्याने सांगायला नको. दाजी म्हणायचे, याला घराला आग लागली हे सांगायचं झालं तर हा आधी काडेपेटी कुठून आणली ते सांगेल.) तुझं काम झालं नाही. पाहुणे येत नाहीत. तू लिहिलं होतंस, "नात रोज कासव कासव करते, पाहुण्यांना पार्सलने पाठवून दे, तू तर सगळा जन्म पार्सलच्या खिडकीत घालवलास, तुला काय अवघड? आणि पाहुणे इकडे आले की मागच्या दोन्ही खोल्या शिंपीबुवांना देऊन टाक, उगाच अडवून कशाला ठेवायच्या?" पत्र वाचलं आणि मी दोन्ही कामं करायची ठरवली. पैकी दुसरं काम पहिलं झाल्याशिवाय करता येत नाही, हे उघड आहे. आणि पहिलं झालं नाही. नुसतं झालं नाही असंही नाही. भर कचेरीत, ओळखीच्या माणसांदेखत, माझ्याच जुन्या खिडकीवर झालं नाही. ती हकिकत सविस्तर कळवली नाही तर तुला वाटेल मी आळस केला, म्हणून कळवतो.

नियम मला ठाऊक नव्हता असं समजू नकोस. सरपटणाऱ्या प्राण्यांचा नियम माझा तोंडपाठ आहे. असल्या प्राण्याची चौकशी करणारा इसम आमच्याकडे क्वचितच यायचा, पण आला की अख्खी कचेरी माझ्याकडे बोट दाखवायची. तर नियम असा. थंड रक्ताचा, लहान आणि निरुपद्रवी प्राणी टपालाने चालतो. पाल चालते. सरडा चालतो. बेडूकही चालतो (तो सरपटत नाही, पण त्याला आत घेतलंय. नियम लिहिणाऱ्याचा कोणी लागत असावा). मगरीचं पिल्लू, ताई, मगरीचं, हातभर लांबीच्या आत असलं तर चालतं! साप मात्र चालत नाही, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो. आणि कासव चालत नाही. कासवाची अंडीसुद्धा चालत नाहीत. म्हणजे ज्याच्या जबड्यात दोन्हीकडे दात आहेत त्याने खुशाल तिकीट लावून देशभर फिरावं, आणि ज्याच्या तोंडात एक दात नाही त्याला मज्जाव. पुढच्या अटी तर ऐकण्यासारख्या आहेत. प्राण्याला वाटेत अन्नपाणी लागता कामा नये, त्याने आवाज करता कामा नये, त्याचा वास येता कामा नये आणि त्याच्यातून काही गळता कामा नये. आमच्या पार्सल विभागातला एकही कर्मचारी या अटींत बसत नव्हता. पाहुणे सगळ्या अटींत बसतात. नोकरीत असताना मला या नियमाचं फार हसू यायचं, आता येत नाही.

तू म्हणशील, एवढं ठाऊक होतं तर त्याच दिवशी नाही म्हणून का नाही कळवलंस? ताई, नाही म्हणायची सवय मला तुझ्या बाबतीत लागलीच नाही. तू गेलीस तेव्हा म्हणालीस, चार दिवस जाऊन येते. मग तुझं पत्र आलं, येतेच आहे, तोवर लोकरीची शाल तेवढी पाठव. पाठवली. मग रेडिओ. मग दाजींचा फोटो, मग त्यांनी स्वतः बसवलेलं भिंतीवरचं घड्याळ, मग स्वयंपाकघरातली मोठी भांडी, मग लहान भांडी. सगळं मी माझ्या हातांनी बांधलं. भुसा भरून, दोरीला दुहेरी गाठ मारून, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून. एकही कपबशी फुटली नाही असं तू कौतुकाने लिहिलंस, आणि ते वाचून मी शहाण्यासारखा खूश झालो. प्रत्येक पार्सलागणिक मागच्या खोल्यांत माझ्या चपलांचा आवाज वाढत गेला, हे मात्र लक्षात यायला मला वेळ लागला. आता तिथे फक्त तुझी घडीची खुर्ची उरली आहे (ती पार्सलच्या मापात बसत नाही हे मी मागेच कळवलं आहे) आणि तिच्याखाली पाहुणे. आणि पाहुण्यांच्या बाबतीतही मी सवयीने उलट टपाली लिहून बसलो होतो, पाठवतो, त्यात काय! शब्द गेला होता. म्हणून मग निदान प्रयत्न तरी करावा असं ठरवलं.

पहिला विचार असा केला की कासवाला एवढी बंदी आहे ती आजाराच्या भीतीने असणार. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडून प्रकृती उत्तम असल्याचा दाखला घेतला तर साहेब लोक एखादा अपवाद करतील. पाहुण्यांना भाजीच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे आमच्या एका बाजूला गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं घातलेला एक कुत्रा होता आणि दुसऱ्या बाजूला एक पोपट, जो दर थोड्या वेळाने "काय काम आहे?" असं विचारत होता. (माझी उभी हयात खिडकीच्या आतून हाच प्रश्न विचारण्यात गेली, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तो कसा लागतो ते मला तिथे कळलं.) डॉक्टरांनी पाहुण्यांना उचललं, उलटं केलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही किती वर्षांपासून आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, ही कोण? तर ताई, पाहुणे हे पाहुणे नसून पाहुणी आहेत. शेजाऱ्याने लग्नाला जातो म्हणून दोन दिवसांसाठी आपल्याकडे ठेवले, तो परत आला नाही आणि हे गेले नाहीत, म्हणून दाजींनी त्यांना पाहुणे नाव दिलं. त्यानंतरची सगळी वर्षं दाजी दुकानातलं घड्याळ उघडून बसले की पायाशी बसलेल्या पाहुण्यांशी गिऱ्हाइकांबद्दल, सरकारबद्दल आणि (रागावू नकोस) तुझ्याबद्दल पुरुषापुरुषांत बोलावं तसं मोकळेपणाने बोलायचे. ते सगळं एका बाईमाणसाने ऐकून घेतलं आणि कधी अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही. दाजींना हे सांगायला पाहिजे होतं. ते इतके हसले असते की डोळ्याला लावलेलं भिंग खाली पडलं असतं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या, घरी गेल्यावर त्यांना सांगू, असं माझ्या मनात येऊनसुद्धा गेलं.

दाखला मिळाला. "निरुपद्रवी" हा शब्द लिहीत असतानाच पाहुण्यांनी डॉक्टरांची बाही तोंडात धरली, त्यामुळे तो शब्द कागदावर उताराला लागल्यासारखा आला आहे, पण वाचता येतो. (मी अजूनही पाहुणेच म्हणतो. या वयात आता त्यांना कोण नवीन नाव शिकवणार, आणि मला तरी कोण?) बाई असल्याचं कळल्यामुळे अंड्यांचं कलमही आपल्याला लागू होऊन बसलं, म्हणजे दाखल्याने एक अडचण कमी व्हायच्या जागी एक वाढली. चौकशी करावी तेवढी कमी आणि केली की अंगाशी, हा आमच्या खात्याचा जुनाच अनुभव आहे.

मग बांधणी. आता बांधणीत माझा हात कोणी धरणार नाही हे तूही मान्य करशील, पण आजवर मी बांधलेली एकही वस्तू स्वतःहून चालत नव्हती. माप घ्यायला म्हणून मी पाहुण्यांवर एक रिकामं खोकं पालथं घातलं, भोकं कुठे पाडायची त्याच्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि दोरी आणायला वर माझ्या खोलीत गेलो. खाली येऊन पाहतो तर खोकं नाही. ते बोळातून पुढच्या दुकानाकडे निघालं होतं. तुला ठाऊकच आहे, दाजींचं दुकान आता शिंपीबुवांकडे आहे. ते त्या वेळी तोंडात टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही बसवत होते. गिऱ्हाईक एका बाहीनिशी हात पसरून उभं, आणि "सांभाळा, वरची बाजू वर ठेवा" असं लिहिलेलं खोकं दारातून आपल्या पायांनी आत आलं. शिंपीबुवांना ओरडता येईना, कारण तोंडात टाचण्या. गिऱ्हाईक त्यांच्या वतीने ओरडलं आणि शिवणयंत्राच्या टेबलावर चढलं. मी खोकं उचललं तेव्हा पाहुणे मान बाहेर काढून, दाजी जिथे बसायचे त्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे आता कापडाचे तागे आहेत. मी त्यांना लगेच उचललं नाही. थोडा वेळ तसंच राहू दिलं. शिंपीबुवांनी टाचण्या काढून गिऱ्हाइकाला टेबलावरून खाली घेतलं.

माणूस वाईट नाही तो. जागा कमी पडते, त्याला तो तरी काय करणार? पण तुझं पत्र आल्यापासून (तू त्यांनाही वेगळं कार्ड टाकलंस, ते टाकायला नको होतंस) ते रोज मला भेटून आधी पाहुण्यांची तब्येत विचारतात, मग खोल्यांचा विषय काढतात. एकदा सकाळी उठून पाहतो तर गळ्यातली टेप काढून मागच्या खिडकीचं माप घेत होते. पडद्यांसाठी, म्हणाले. निळे लावणार आहेत. तुझे पडदे पिवळे होते, ते मी तुला पाठवून दिले. तेही अगदी चांगले बांधून.

तर शेवटी पाहुणे बांधले गेले. दाजींच्या मोठ्या घड्याळाची लाकडी पेटी होती, तिला चारी बाजूंनी भोकं पाडली, खाली मऊ भुसा घातला, वर नरम कापड घातलं, आणि पेटी पोटाशी धरून मी कचेरीत गेलो. माझ्या खिडकीवर आता ती मुलगी बसते, जिला मी काम शिकवलं. (मुलगी आपली म्हणायची. कानांवरचे केस तिचेही आता पांढरे झाले आहेत.) तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वजनकाटा, शिक्का, गोंद हे सगळं नंतर. आधी हात पार्सलवर, डोळे माणसावर, आणि तीन प्रश्न. फुटणारं आहे का? सांडणारं आहे का? जिवंत काही आहे का? प्रश्न विचारताना पार्सलकडे पाहायचं नाही, कारण पार्सल खोटं बोलत नाही. माणसाकडे पाहायचं. इतकी वर्षं मी ते प्रश्न इतक्या लोकांना विचारले, आणि लोकांनी माझ्या तोंडावर इतकं सफाईदार खोटं सांगितलं, की त्याची एक वेगळी पोथी होईल. लोणी "पुस्तकं" म्हणून गेलं. मांजर "गालिचा" म्हणून निघालं होतं. पण खिडकीच्या बाहेर उभं राहून ते प्रश्न ऐकायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. पहिला प्रश्न झाला, नाही म्हटलं. दुसरा झाला, नाही म्हटलं. मग तिसरा प्रश्न निघाला, आणि ताई, माझ्याने नाही म्हणवेना. मी म्हटलं, आहे. कासव आहे.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, आता मी काय करू, तुम्हीच सांगा." तोवर मागच्या रांगेला विषय मिळाला होता. छत्री घेतलेल्या एका बाई म्हणाल्या, सरडा म्हणून लिहा, कोण बघायला येतंय? त्यांच्या मागच्या गृहस्थांनी सुचवलं, दगड लिहा, हलत तर नाहीच. त्यावर बाई म्हणाल्या, दगडाला भोकं कशाला पाडतील? दोघांचं चांगलंच जुंपलं. इतक्यात आतून नवे साहेब आले. त्यांना नियम ठाऊक नव्हता. नियमाचं पुस्तक शोधायला माणूस गेला, तर ते सापडेना (ते कपाटाच्या डगमगत्या पायाखाली असतं, मीच ठेवलं होतं, पण त्या वेळी मी बोललो नाही). तेव्हा साहेबांनी मोठ्या आदराने मलाच विचारलं, "काका, तुमचा हा नियम पाठ आहे म्हणतात. कासव चालतं का?" म्हणजे आरोपी मी, साक्षीदार मी आणि वकीलही मीच. मी पेटी पोटाशी धरून, सगळ्या रांगेसमोर, पाल आणि सरड्यापासून सुरू करून, मगर घेऊन, सापावरून, कासवाच्या अंड्यांपर्यंत सगळा नियम म्हणून दाखवला. शाळेत कविता म्हणायचो तसा, हात बांधून नाही इतकंच. मगरीपाशी आलो तेव्हा रांगेत हशा झाला. पेटीतून मात्र एवढासाही आवाज नाही. साहेबांनी मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखं केलं, मुलीला दोन शब्द सुनावले आणि आत गेले. मी दाखला खिशातून काढलासुद्धा नाही.

येताना चालतच आलो. पेटी जाताना जितकी जड नव्हती तितकी येताना जड लागली. घरी आल्यावर मागच्या खोलीत झाकण उघडलं, तर पाहुणे भुशात मान घालून झोपलेले. त्यांच्या दृष्टीने ना ते कुठे गेले, ना कोणी त्यांना नाकारलं. मी काकडी चिरली आणि बशीवर चमचा वाजवला, दाजी वाजवायचे तसा. ते उठून आले. आधी माझ्या वाजवण्याला येत नसत. दाजी गेल्यावर कितीतरी दिवस मी वाजवायचो आणि ते खुर्चीखालून नुसते बघायचे. तेव्हा तू दारात उभी राहून म्हणायचीस, अरे, हळू वाजव, ते काय जेवणाची घंटा आहे का? मग हळू वाजवायला शिकलो. आता येतात. मी खाली फरशीवर बसतो, ते खातात, खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज येतो. खुर्ची मोकळीच असते. तिच्यावर मी बसत नाही, पाहुण्यांना चालत नाही असं मला वाटतं. (त्यांनी तसं कधी दाखवलेलं नाही.)

ताई, तुझं काम झालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. नातीला काय सांगशील? तिला सांग, मामाआजोबांनी खूप खटपट केली पण सरकार आडवं आलं. मुलांना सरकारचं काही वाटत नाही, पण निदान माझं नाव वाईट होणार नाही. शिंपीबुवांनाही मी सांगितलं की पाहुणे जाऊ शकत नाहीत, तेव्हा खोल्यांचं तूर्त काही होणार नाही. ते हिरमुसले. निळं कापड त्यांनी फाडून ठेवलं होतं.

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि पाहुण्यांकडून सर्वांना मान आत घेऊन नमस्कार. कंबरेला शेक देत जा. उत्तराची वाट पाहतो. पूर्वी मला तुझ्या पत्राची वाट पाहावी लागत नसे, तू जिन्यातून हाक मारायचीस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. नातीला कासवाऐवजी मगर चालत असेल तर कळव. हातभर लांबीच्या आतली पाठवता येईल.

आणखी ता. क. पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. वर मी लिहिलं आहे की तिसरा प्रश्न निघाला. तो कसा निघाला ते लिहिलं नाही. त्या मुलीने तो विचारला नव्हता. तिने पेटीवर हात ठेवला, तेव्हा आतून खरवडल्याचा आवाज आला. तो तिने ऐकला, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तरी तिने दोनच प्रश्न विचारले, शिक्का मारला आणि पावती फाडून माझ्यासमोर धरली. पेटी ती स्वतः सांभाळून पाठवणार होती, वाटेतल्या माणसांना निरोप देणार होती, हेही मला तिच्याकडे पाहून कळलं. नोकरीत असं वागलेलं मला कधी खपलं नसतं. मी पावती घेतली नाही. मी म्हणालो, तिसरा प्रश्न राहिला. ती हळूच म्हणाली, "राहू द्या, काका." मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने, मागच्या छत्रीवाल्या बाईंना ऐकू जाईल असं. मग तिला विचारावाच लागला. तिला साहेबांकडून ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिची माफी मागितली. नियम म्हणजे नियम, असंही तिला म्हणालो. ती म्हणाली, "काका, हात पार्सलवर आणि डोळे माणसावर, तुम्हीच शिकवलंत ना?" मी घरी आलो.

नियमासाठी केलं असं तुला सांगत नाही. पाहुणे गेले असते तर खोल्या गेल्या असत्या. खोल्या गेल्या असत्या तर, ताई चार दिवसांसाठी गेली आहे, असं मला कोणाला सांगता आलं नसतं. अजून मी सगळ्यांना तसंच सांगतो. पाहुणे इथे आहेत म्हटल्यावर लोकांना ते पटतं. मलाही पटतं. तुझ्या नातीच्या तोंडचं कासव मी काढून घेतलं, याची मला लाज वाटते, पण पुन्हा त्या खिडकीवर उभा राहिलो तर पुन्हा तसंच म्हणेन.

शेवटचा ता. क. तुला यायला जमेल का? नातीला घेऊन ये. पाहुणे तिला इथेच भेटतील, चमचा कसा वाजवायचा ते मी तिला शिकवीन. राहायचंच असं नाही. येऊन, बघून, मग पाहुण्यांना मांडीवर घेऊन गाडीने जा. मांडीवरच्या कासवाला नियम लागत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तेही मी तुला कळवलं नव्हतं.

आणि घडीच्या खुर्चीचं. ती पार्सलच्या मापात बसत नाही असं मी लिहिलं होतं. ती मी मोजलीच नव्हती. आज शिंपीबुवांची टेप मागून आणली आणि मोजली. मापात आहे. घडी घातली की उलट थोडी जागाच उरते. तिकडे पाठवू, की इथेच असू दे, एवढं फक्त एका ओळीत कळव.